जावयासाठी राखलेला डबा

अमरावतीला मामाच्या दारात मी उतरले तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन परकर-पोलकी, सहावीचं इंग्रजी वाचनाचं पुस्तक, आईने बांधून दिलेली कोकमं आणि बाबांनी मामीसाठी पाठवलेला एक डबा, एवढा ऐवज होता. वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबई, मुंबईहून रेल्वेने बडनेरा, तिथून पुन्हा छोट्या गाडीने अमरावती. तो सगळा प्रवास मी त्या ट्रंकेवर बसूनच केला, कारण उठले तर ट्रंक जाईल आणि ट्रंक गेली तर मामाच्या घरी कोणत्या तोंडाने जाऊ, ही काळजी. शाळा सहावीतच सुटली होती. पुढची शाळा खाडीपलीकडे आणि होडीत जागा भावांना आधी. घरात आम्ही सहा भावंडं. मामाने पत्रात लिहिलं होतं, ‘एकीला इकडे पाठव, शिवणकाम शिकेल, शांताचं लग्न झालं की मामीलाही सोबत होईल.’ त्या ‘एकीला’त मी बसले. माझ्यापेक्षा मोठी बहीण जास्त कामाची होती म्हणून ती घरी ठेवली, हे मला पुढे कळलं, आणि कळलं तेव्हा वाईट वाटण्याऐवजी मी देवाचे आभार मानले. मी तेव्हा कशाबद्दलही आभार मानत असे.

डबा म्हणजे घासून-पुसून वापरायचा आपला पितळी डबा नव्हे. चहूबाजूंनी बंद, पत्र्याचा, बोटीवरचा. बाबा पुष्कळ वर्षं बोटीवरच्या स्वयंपाकघरात कामाला होते. दम्याने ते घरी बसले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या सामानात हा डबा होता, आणि आमच्या घरात परदेशी म्हणावी अशी ती एकच वस्तू. आमच्या घराच्या ओलीने त्यावरचा कागद केव्हाच सुटला होता. उरला होता एक हिरवा पानाचा तुकडा आणि त्याला टेकलेली कसलीशी पिवळसर कड. "आत काय आहे?" असं आईने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "गोड आहे एवढं नक्की. बाकी आठवत नाही." पोरीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून त्यांनी तो माझ्या परकरात गुंडाळून दिला.

मामीने तो दोन्ही हातांनी घेतला. मामी मोर्शीकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली, आवाज असा की बोलली तरी गल्लीला वाटे भांडते आहे. पहिले सहा महिने ती ‘जेवली काय वं?’ म्हणाली तरी माझ्या डोळ्यांत पाणी येई. मामा मूळचा आमच्याकडचा. तरुणपणी मुंबईच्या फळबाजारात हमाली करता करता एका संत्र्याच्या व्यापाऱ्याबरोबर वऱ्हाडात आला आणि मामीशी लग्न करून इथलाच झाला. बाहेर तो मामीसारखंच बोले. घाबरला की मात्र जीभ तडक मालवणीत उतरे. मामीने डबा उजेडात फिरवून पाहिला, हिरवं पान पाहिलं, पिवळी कड पाहिली आणि निकाल दिला, "नासपाती हाय. विलायती." एकदा रेल्वेच्या कुणा साहेबाकडे तिने खाल्ली होती म्हणे. मधल्या खोलीतल्या फळीवर, देवाच्या तसबिरीपासून वीतभर अंतरावर, खाली विणलेला रुमाल घालून डबा बसला. मोठा पाहुणा आला की खोलायचा, असं ठरलं.

पण डब्याच्या मापाचा पाहुणाच येईना. धामणगावचे धान्याचे व्यापारी आले तेव्हा मामी म्हणाली, "त्याईले च्या पुरे." मोर्शीहून तिचा सख्खा भाऊ आला तेव्हा म्हणाली, "भाऊ हाय, पाहुना थोडीच हाय?" शांताताईला, म्हणजे मामाच्या एकुलत्या एक मुलीला, पाहायला अकोल्याची मंडळी आली तेव्हा तर तिने डबा फळीवरून खाली काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "पयले पसंती तं येऊ द्या." चार दिवसांनी पसंती आली. तेव्हा म्हणाली, "आता पसंती आली न, मंग कशाले?" असा तो डबा शांताताईच्या लग्नातूनही सहीसलामत बाहेर पडला. अखेर ठरलं की लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना येईल, जावयाला अनारशांचं वाण द्यायला बोलावू, तेव्हा डबा. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. मामीला घाई नव्हती.

मला त्या घरात काय कमी होतं म्हणाल तर भात आणि मासे, बाकी काही नाही. सकाळी जाग येई ती हातोडीच्या ठकठकीने. ओसरीवर वाळलेल्या गवताच्या गादीवर संत्र्यांचा ढीग, बाजूला लाकडी पेट्या, आणि मामा ढिगापुढे मांडी घालून बसलेला. संत्रं निवडताना तो बघतच नसे. तोंडाने माणसांशी बोलायचा आणि हातात आलेल्या प्रत्येक फळावर अंगठा टेकवायचा. चांगलं पेटीत, नासकं मागे. मागे म्हणजे खांद्यावरून, न बघता, थेट टोपलीत. अख्ख्या बाजारात ‘अंगठा’ म्हटलं की मामाचाच. घरभर संत्र्याचा वास इतका मुरलेला की ज्वारीच्या भाकरीला, तुरीच्या डाळीला, माझ्या वेणीलासुद्धा तो यायचा. दुपारी मी शिवणक्लासला जाई. संध्याकाळी मामीबरोबर भाकरी थापायला बसे, आणि माझी भाकर काठाला फाटली की घाबरून तिच्याकडे बघे. पाणी पिऊ का, असंही मी विचारायचे. "पानी पियाले काय इजाजत लागते वं?" मामी ओरडायची, आणि मी त्या ओरडण्याने घाबरून पाणी न पिताच परत यायचे. आपण आगंतुक आहोत, एक चूक झाली की ट्रंकेसकट परत, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की रात्री मी ट्रंकेचं कुलूप उघडंच ठेवी. निघायला सोपं.

मग तो अधिक महिना आला. उन्हं तापू लागली होती, मृग बहाराची, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याची, शेवटची गोड संत्री ओसरीवर होती, आणि मामीने गल्लीत सांगून टाकलं होतं की जावईबापू येणार आणि डबा खोलणार. जावईबापू अकोल्याच्या नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक. हॉटेलांच्या मुदपाकखान्यात शिरून शिळं, नासकं, माशा बसलेलं शोधायचं आणि नालीत ओतायचं, हे त्यांचं काम. त्यांचं नाक फार तीव्र आहे असं शांताताई कौतुकाने सांगे आणि मामी ते दुप्पट करून सांगे. येण्याच्या पंधरा दिवस आधी मामीने डबा माझ्या हातात दिला. "घास चांगला. चेहरा दिसला पाह्यजे त्यात."

मी राख आणि लिंबाची साल घेऊन बसले. वरून घासला, कडेने घासला, मग उलटा केला. बुडावरचा मळ निघाला आणि खालून ठोकलेली इंग्रजी अक्षरं वर आली. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणजे सहावीपर्यंतचं. ‘यूज’ वाचलं. ‘बिफोर’ वाचलं, बिफोर म्हणजे आधी, हे मला धड्यावरून ठाऊक होतं. पुढे महिना आणि साल. ते साल उलटून चार वर्षं झाली होती, म्हणजे मी डबा आणला त्याच्याही आधी. मी डबा खाली ठेवला, हात धुतले आणि पुन्हा वाचलं. इंग्रजीत काही फरक पडला नव्हता.

तुम्हाला वाटेल, मग सांगायचं मामीला. पण सांगायचं काय? माझ्या बाबांनी तुम्हाला नासका डबा पाठवला, तो तुम्ही तीन वर्षं देवाशेजारी ठेवला, आता गल्लीला सांगा की खोलत नाही? आणि न सांगावं तर जावई मरतो. तोही आरोग्य निरीक्षक. शांताताई विधवा होते, ती माझ्यामुळे, माझ्या घरच्या डब्यामुळे. मी भाकरी थापताना हे सगळं शेवटापर्यंत बघून घेतलं, अगदी मला बडनेऱ्याच्या गाडीत बसवायला कोण येणार इथपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मामी विहिरीवर गेल्याचं बघून मी डबा ओसरीवर मामाकडे नेला आणि सांगितलं. मामाने सवयीने डबा हातात घेतला आणि त्यावर अंगठा टेकवला. मग दुसऱ्या बाजूने टेकवला. मग डोळे मिटून टेकवला. ज्या अंगठ्याला हजारो संत्र्यांचं पोट कळायचं, त्याला पत्र्याच्या आतलं काही कळेना. मी मामाला इतका केविलवाणा कधी पाहिला नव्हता.

"आता काय करूचा गो?" तो म्हणाला. मालवणीत. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

शेजारी कंपाउंडरकाका राहत. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते औषधाच्या बाटल्या भरत, आणि डॉक्टर फक्त दवाखान्यापुरते, गल्लीपुरते तेच डॉक्टर. त्यांनाही दमा होता; बोलण्याआधी नाकातून फुस्स असा आवाज काढत. त्यांनी डबा कानाशी धरून हलवला, डोळे मिटले. "फुगला तं जहर. नाई फुगला तं अमृत. नजर ठेवा."

नजर ठेवायचं काम अर्थात माझ्याकडे. नुसत्या नजरेवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी शिवणक्लासची मापाची टेप घेतली. रोज सकाळी मामी तुळशीला पाणी घालायला गेली की मी फळीपाशी जाई आणि डब्याची कंबर मोजी. बारा इंच दोन सूत; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुसऱ्या दिवशी बारा इंच दोन सूत. आमच्या बाईंनी शिकवलं होतं की माप घेताना टेप आवळायची नाही, माणसाला श्वास घेऊ द्यायचा. मी डब्यालाही श्वास घेऊ देत होते. आठ दिवस असे गेले आणि नवव्या दिवशी कंबर भरली बारा इंच तीन सूत. पुन्हा मोजलं. तीन सूत.

"काय वं सुमे, डब्याले झंपर शिवून राहिली काय?"

मागे मामी. हातात तांब्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

"हो?"

"म्हणजे कव्हर. जावईबापू येणार ना. झालर लावून."

मामीचा चेहरा फुलला. "माय वं! मले सुचलंच नाई. लाल कपड्याचं कर. आन तो धागा नको काढजो बरं, कालच बांधला, दृष्ट लागू नये म्हनून."

टेपेखाली, डब्याच्या कमरेला, बारीक काळा दोरा होता. वाढलेलं एक सूत त्याचं होतं. मला रडू आलं ते आनंदाचं, पण आता झालरीचं कव्हर शिवणं आलं. क्लासमध्ये बाईंनी विचारलं, "हे कुणाचं गं टोपडं? बाळ केवढं आहे?" मी म्हणाले, "बारा इंच दोन सूत."

मामीला सांगायचं काम मी आणि मामा एकमेकांवर ढकलत राहिलो. मामा म्हणे, "उद्या सांगतो, आज मंडी हाय." मग म्हणे, "उद्या सांगतो, आज तिचा गुरुवार हाय." शेवटी सांगायला उद्याच उरला नाही. शांताताई आणि जावईबापू अकोल्याहून येऊन बाहेर पाय धूत होते, आणि मी मामीशेजारी चुलीपाशी बसून अनारसे थापत होते. तेहतीस करायचे असतात. एकविसाव्याला माझं अवसान संपलं आणि मी सांगून टाकलं: बुडावर काय लिहिलंय, साल कोणतं, सगळं.

मामीचा झारा हवेत थांबला. कढईतला अनारसा तांबडा झाला, मग काळा झाला. मग ती म्हणाली, "तारीक माणसाची असते. डब्याची काहून?"

"त्याच्या आत वापरायचं असतं, मामी."

"आपलं लिंबाचं लोनचं सात वर्षांचं हाय. त्याच्यावर हाय काय तारीक? आन हे पाह्य, डबा बंद हाय. आत उजेड नाई, वारा नाई. त्याले काय मालूम, भाईर कोनतं साल सुरू हाय?"

मी बाविसावा अनारसा थापायला घेतला. मामीने काळा अनारसा बाजूला काढला आणि आवाज उतरवून, म्हणजे साध्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "सुमे, तुह्या बापानं पाठवला न? तो काय पोरीच्या हातून जहर पाठवीन? आता जावयाच्या म्होरं तोंड उघडजो नको."

तिथेच मी अडकले. डबा वाईट म्हणजे बाबा वाईट, डबा चांगला म्हणजे जावई मेला. रात्रभर मी उपाय शोधला आणि सकाळी मला सापडला तो असा की आधी मीच खायचं. आम्ही सहा भावंडं होतो. पाच उरली असती.

आज माझी नात बिस्किटाचा पुडासुद्धा उलटा करून तारीख बघते आणि एक दिवस जास्त झाला की टाकून देते. मी तिला म्हणते, बरोबर करतेस. मी केलं ते शहाणपण नव्हतं, कुणी करू नये. पण तेव्हा मला शहाणपणाची नाही, उतराईची घाई होती.

त्या दिवशी दुपारी मधल्या खोलीत पाट मांडला, रांगोळी घातली. जावईबापू टोपी घालून बसले. समोर पितळी परातीत तेहतीस अनारसे, त्यावर दिवा, बाजूला पुरण भरलेले धोंडे, वांग्याची भाजी, कढी, भजी. आणि दुसऱ्या पाटावर, त्यांच्या बरोबरीने, लाल झालरीच्या कव्हरात डबा. मामीने कव्हर काढून डब्यालाही हळद-कुंकू लावलं. दारात गल्लीतल्या बायका. कंपाउंडरकाका न बोलावता येऊन उंबऱ्यावर बसले होते, खिशात दोन बाटल्या घेऊन.

"सुमीच्या बापानं पाठवला, विलायतेहून," मामीने दारातल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "तुमच्यासाठीच राखला, बापू."

जावईबापूंनी डबा कौतुकाने हातात घेतला. आणि मग हाताच्या सवयीने, जसा मामाचा अंगठा, तसा त्यांनी तो उलटा केला. बूड वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा रंग उडाला.

"काय लिवलं हाय?" मामीने विचारलं. बघा तिची हिंमत. तिला ठाऊक होतं.

जावईबापूंनी सासूकडे पाहिलं, दारातल्या बायकांकडे पाहिलं. "लिहिलंय… जपून ठेवा."

"अन् चांगला हाय न?" शांताताई म्हणाली.

"मी आज सुटीवर आहे," जावईबापू म्हणाले.

"परवा पेढ्याची परात नालीत ओतली तवा तं लय जोर आला होता तुमाले!"

"ती ड्यूटी होती, शांता. हे सासर आहे."

मामाने पेट्या उघडायची छिन्नी आणि हातोडी आणली होती. एक घाव घातला, पत्र्याला भोक पडलं, आणि फुस्स असा आवाज आला.

"आवाज आला!" मामा ओरडला. "आतून हवा इली!"

"तो मी," उंबऱ्यावरून कंपाउंडरकाका म्हणाले. "माह्यं नाक." आणि मग थोडा विचार करून, "डब्याची कंबर नाई पाह्याची, पोरी. झाकन पाह्याचं. डबा तिथं फुगते." पंधरा दिवसांनी सांगत होते. सगळ्यांनी झाकणाकडे पाहिलं, पण छिन्नीने त्याचा आता असा चोळामोळा झाला होता की ते आधी फुगलेलं होतं की सपाट हे डबा बनवणाराही सांगू शकला नसता.

झाकण निघालं. आत पिवळट पाक आणि त्यात फिकट, गुळगुळीत, बोटाएवढ्या चंद्रकोरी. "नासपाती," मामी म्हणाली, "कापून घातली." तिने वाटीत वाढून वाटी जावईबापूंच्या पुढे सरकवली. जावईबापूंनी चमचा उचलला. वाटी आणि तोंड यांच्यामध्ये तो चमचा थांबला, आणि त्या माणसाच्या कपाळावर घामाचा एकेक थेंब उगवताना मी पाहिला. सासूचा मान राखून मरायची त्यांची तयारी झाली होती.

"मी आधी खाते!" मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधीच बोलले नव्हते. कुणी अडवायच्या आत वाटी उचलली आणि एक फोड तोंडात टाकली. साखर लागली, पत्रा लागला, आणि त्यामागे काहीतरी ओळखीचं लागलं. पण मरणाऱ्याला चवीचा विचार करायला वेळ नसतो. मी गिळलं.

जावईबापूंनी ताबडतोब मनगटावरचं घड्याळ काढून पाटावर ठेवलं. "अर्धा तास," ते म्हणाले. "चार तास," कंपाउंडरकाका म्हणाले. कढी निवू लागली. दारातल्या बायका खाली बसल्या. कुणी जेवेना, कुणी उठेना, सगळे माझ्याकडे बघत. "सुमे, काई वाटते काय वं?" मामीने विचारलं. मला सगळंच वाटत होतं. आणि मग त्या शांततेत माझ्या पोटातून असा आवाज आला की मामाच्या हातातली हातोडी पडली.

"माझी कात्री धाकट्या बहिणीला द्या," मी म्हणाले. "बाबांना सांगू नका डब्याचं. मामी, मला माफ करा."

"सकाळपासून काय खाल्लं हिनं?" जावईबापूंनी विचारलं.

काहीच नव्हतं खाल्लं. काळजीने घास उतरला नव्हता. पोट मरत नव्हतं, भुकेलं होतं.

एवढ्यात मामाने वाटीतली एक फोड उचलली होती. खायला नव्हे, त्याच्या हाताला रिकामं बसवत नाही. डोळे मिटून त्याने ती बोटांत धरली आणि अंगठा टेकवला. त्याच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदा शांती आली. मग तो डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागला.

"गो," तो म्हणाला, "ह्या संत्रा!"

कुणाला कळेना. मामीने फोड नाकाशी नेली. मग त्या घराच्या ओसरीवर, जिथे संत्र्यांचा डोंगर पडला होता, तिकडे तिची नजर गेली, आणि परत वाटीकडे आली. हिरवं पान ते होतं. पिवळी कड ती होती. समुद्रावरून, माझ्या ट्रंकेतून, तीन वर्षं देवाशेजारी बसून, माझ्या बाबांनी मोर्शीच्या बागवानाच्या लेकीला, अमरावतीच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या बायकोला, संत्री पाठवली होती.

आधी कंपाउंडरकाकांचं नाक वाजलं. मग दारातली कुणी फिसकली. मामी मात्र ताडकन उभी राहिली. "माह्या घरी जावयाले डब्यातलं संत्रं? लोक तोंडात शेन घालतीन! उचल ते, सुमे! फेक तिकडं, लिंबाच्या बुडाशी!"

"आई म्हणतात ते अगदी बरोबर आहे," जावईबापू म्हणाले, आणि त्यांचा ड्यूटीवरचा आवाज एकदम परत आला. "ताबडतोब टाकून द्या. खोल खड्डा करून." इतक्या आनंदाने नासका माल फेकायचा हुकूम त्यांनी अकोल्यात कधी दिला नसेल. तारखेने जे ठरेना, ते मामीच्या माहेराने ठरवलं. मी परसात जाऊन डबा कडुलिंबाखाली पुरला. मामीच्या सांगण्यावरून झालरीचं कव्हर तेवढं ठेवलं. पुढे शांताताईच्या पहिल्या मुलीला ते टोपडं म्हणून बरोबर बसलं. बाईंचा डोळा चुकला नव्हता.

परत आले तेव्हा मामी परसदारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. "तुले काहून खायाची पडली होती वं?"

मला जे तीन वर्षं म्हणायचं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं, अर्धं कोकणी, अर्धं वऱ्हाडी. की डबा बाबांचा होता, की तुम्ही मला ठेवून घेतलंत, की ट्रंकेला मी कुलूप लावत नाही, की मला परत पाठवू नका.

"परत?" मामी म्हणाली. "अवं, चार वर्षं तारीक गेलेला डबा माह्यानं फेकवला नाई, तुले फेकीन काय?" आणि तिने कनवटीचं एक संत्रं काढून सोललं आणि फोडी माझ्या तोंडात कोंबल्या, एकावर एक, मी रडत असताना, त्यामुळे मला रडता येईना. मग मला जावयाच्या पंगतीत, पाटावर, वाढलं.

त्या रात्री मी ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली मामीच्या जुडग्यात अडकवून टाकली.

दुसऱ्या दिवशी मामीने मला बाबांना पत्र लिहायला बसवलं. तिने सांगितलं तसं लिहिलं: डबा फार गोड निघाला, जावई खूश झाले, नासपाती इतकी छान की गल्लीत नाव झालं. आणि मामाने आपल्या हाताने, एकेक फळावर अंगठा टेकवून, मृग बहाराची निवडक संत्री एका पेटीत भरली, मधे गवत घातलं, खिळे ठोकले आणि मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पेटी बोटीवर चढवायला पाठवली. आमच्या घरात संत्रं कुणी कधी पोटभर खाल्लेलं नव्हतं. सहा भावंडांतली मी सोडून पाच, ती पेटी उघडतील तेव्हा काय होईल, हे मी शिवणाच्या मशीनवर बसून दिवसचे दिवस बघत असे.

तीन आठवड्यांनी बाबांचं कार्ड आलं. ओसरीवर सगळ्यांसमोर मी ते मोठ्याने वाचलं.

‘पेटी पोचली. सर्वांस आनंद झाला. फळ इतके उंची आहे की घरच्या घरी खाण्यास मन होत नाही. पोरांना हात लावू दिलेला नाही. पेटी देवाजवळ ठेवली आहे. गणपतीला मुंबईचे पाहुणे येतील, तेव्हा उघडू.’

गणपतीला चार महिने होते. मामा डोक्याला हात लावून बसला. मामी म्हणाली, "सुमे, धाव!" मी पोस्टात धावले, तिथल्या उंच टेबलावर उभ्याउभ्याच कार्ड लिहिलं आणि टपालपेटीत टाकलं. त्यात ना साष्टांग नमस्कार होता, ना क्षेमकुशल. सहावी शिकलेल्या मुलीने बापाला लिहिलेलं ते सगळ्यात उद्धट पत्र असेल.

‘पाहुण्यांची वाट बघू नका. आजच खा.’